बिळातले दाणे

उपासनी सरांची पहिली भेट राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरात, त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये झाली. मी गावाकडून नोकरीसाठी आलो होतो. माझी गुणपत्रिका बाजूला ठेवून त्यांनी विचारले, "दुष्काळात तुमच्याकडे काय खायचे?" मी रानातले कंद, पाला, गवताचे बी सांगत गेलो. प्राचीन माणसाचा आहार शोधणाऱ्या सरांनी तासभर टिपणे घेतली. मी त्यांचा साहाय्यक झालो.

उत्खननातली माती पाण्यात कालवली की जळके दाणे वर तरंगतात. ते टिपायचे आणि पिशवीवर थराचा क्रमांक घालायचा, हे माझे काम. एकदा फार जुन्या थरात भाताचे दाणे मिळाले. भातशेती आणि तिच्यासोबत पसरलेले एक भाषाकुळ, दोन्ही आपण समजतो त्याहून कितीतरी जुनी आहेत, असा सिद्धान्त सरांनी त्यावर मांडला. त्यांचे नाव झाले.

सर निवृत्त होऊन राजधानीतल्याच द्वारका उपनगरात राहायला गेल्यावर खुद्द त्या दाण्यांचे वय तपासले गेले. ते काही शतकांपूर्वीचेच निघाले. वरच्या थरातल्या चुलीतून उंदराच्या बिळात घरंगळलेले. सरांनी आपण होऊन सिद्धान्त मागे घेतला आणि 'चूक माझी' असे छापले. पुढच्या चर्चासत्रात एका विद्वानांनी विचारले, "डॉक्टरसाहब, चूहों की भाषा किस कुल की है?" सभागृह हसले. सर खाली बघत पाणी प्याले. त्यानंतर त्यांना कुठे बोलावणे आले नाही. ते विद्वान आज सरांच्या गौरवग्रंथाच्या समितीत आहेत.

समितीने माझ्याकडे सरांच्या प्रामाणिकपणाविषयी चार शब्द मागितले आहेत. ते असे: चूक सरांची नव्हती. दाणे मिळाले त्या जागी माती भुसभुशीत लागली होती. लहानपणी शेतात उंदरांची बिळे खणलेल्या मला ती ओळखू आली होती. उत्खननाचा शेवटचा दिवस होता, गाडी गाठायची होती. मी थराचा क्रमांक घालून पिशवी बांधली.

दाण्यांचे वय कळले त्याच दिवशी मी द्वारकेला जाऊन हे सांगितले. सर म्हणाले, "तुझी नोकरी अजून कच्ची आहे. कुठे बोलायचे नाही." आणि आत वळून, "अगं, याचेही पान वाढ."

मी जेवलो, आणि बोललो नाही. नोकरी पक्की झाली, बढती मिळाली. रोज देवापुढे कबूल करत आलो. ते सोपे होते. देव कुणाला सांगायला जात नाही.

या ग्रंथात इतरांनी सरांची चूक मोठ्या मनाने पोटात घातली असेल. तेवढ्या ओळी वाचकांनी खोडाव्यात. आज्ञा मोडली म्हणून सर माझ्यावर संतापतील. त्यांना दीर्घायुष्य लाभो, आणि मला दारातून हाकलून देण्याइतके बळ शंभराव्या वर्षीही त्यांच्या अंगात राहो.