अंगठ्याखालची किंमत

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. कुणाविषयी लिहावं एवढी माझी पात्रता नाही, माफ करा. पण राग जात नाही.

कार्डिफमध्ये जुन्या बंदुकांच्या ज्या दुकानात मी शनिवारी काम करते, तिथले मालक बोलण्याआधी चष्मा पुसतात आणि प्रत्येकीला ‘लव्ह’ म्हणतात. कुणी अमेरिकन दुनळी बंदूक आणली की तिथला शंभर वर्षांपूर्वीचा किमतींचा कॅटलॉग उघडतात.

एकदा एक आजी वारलेल्या नवऱ्याची दुनळी विकायला आल्या. मालकांनी पानावर बोट टेकवलं. “बघा लव्ह, पंचवीस डॉलर. शेतावरची स्वस्त बंदूक.”

आजींची नक्षीदार बंदूक वरच्याच ओळीत होती, चौपट किमतीची. त्या ओळीवर मालकांचा अंगठा होता.

“हे तर म्हणायचे, फार भारी आहे,” आजी पुटपुटल्या.

“नवरे म्हणतातच, लव्ह.”

आजी बंदूक न विकताच परत घेऊन गेल्यावर मी विचारलं, “सर, वरची ओळ?”

“येतील परत. किमतीत अजून खाली उतरतील. तू चहा टाक, लव्ह.”

मालक दर शनिवारी दाराकडे बघत राहिले. शेवटी त्यांना कळलं: असली फुटकळ बंदूक घरात कशाला, म्हणून आजींनी ती पोलिसांकडे वितळवायला देऊन टाकली होती.