रेशनच्या मशीनला न चालणारं बोट

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच लिहून टाकते. म्हणजे पुढचं वाचून कोणी माझ्याकडे लिंबू-मिरची घेऊन यायला नको. आम्ही बौद्ध आहोत. अंगारा-धुपारा, गंडा-दोरा, अंगात येणं, यातलं काहीच आमच्या घरात चालत नाही. सासू होती तेव्हाही चालत नव्हतं. मोबाईलवर लोकांचे असे अनुभव वाचते तेव्हा मला हसू येतं... पिंपळाखाली बाई दिसली, विहिरीतून हाक आली. माझ्या बाबतीत जे झालं ते भरदुपारी, घरात, तुरीच्या पोत्याजवळ झालं. आणि त्याचा संबंध भुताशी नाही, मोबाईलशी आहे. म्हणून तर जास्त चीड येते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मागे सरकते. हे मी कुठे पाठवणार नाही, पण कोणीतरी वाचतंय असं समजूनच लिहिते आहे, नाहीतर हात पुढे सरकत नाही.

आम्ही मेडशीला राहतो, मालेगाव तालुका. विहाराच्या मागच्या गल्लीत एकाच अंगणात दोन घरं — एक आमचं, एक भासऱ्यांचं, म्हणजे यांच्या मोठ्या भावाचं. सुमनबाई त्यांची बायको, माझी मोठी जाऊ. त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. खिचडी शिजवता शिजवता मनाने गाणी रचायच्या आणि वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात म्हणायच्या. एकदा कोणीतरी त्यांच्या मोबाईलमधलं एक गाणं उचलून गावाच्या ग्रुपवर टाकलं. लोकांनी नको ते हसरे चेहरे पाठवले. त्या दिवसापासून सुमनबाईंनी गाणी एका वेगळ्या अ‍ॅपमध्ये ठेवायला सुरुवात केली. आवाज रेकॉर्ड करायचा आणि कुलूप लावून ठेवायचा, असं ते अ‍ॅप. मोबाईलच्या मागे बोट ठेवायची गोल जागा आहे, तिथे त्यांनी बोट ठेवलं की उघडायचं आणि शेवटी ठेवलेलं गाणं आपोआप लागायचं.

मागच्या दिवाळीच्या आधी त्यांना कावीळ झाली आणि त्या गेल्या. दवाखान्यात त्यांनी मुलीला, करुणाला, एवढंच सांगितलं होतं, "तुह्या लग्नाचं गाणं म्हणून ठेवलं हाय मोबाईलात. लग्नात लावजो."

उघडायचं कसं, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. अशा वेळी कोण विचारतं?

करुणाचं लग्न अनसिंगला ठरलं आणि मग त्या गाण्याची धावपळ सुरू झाली. मोबाईल उघडायला पडद्यावर ओढायची रेघ करुणाला माहीत होती, तो उघडायचा. पण ते अ‍ॅप म्हणायचं — बोट ठेवा, नाहीतर पिन टाका. पिन कोणालाच माहीत नाही. करुणाने दहाही बोटं लावून पाहिली. भासऱ्यांनी लावली. यांनी लावली. शेजारची सुलोचना आली, तिनेही हौस करून घेतली.

"दवाखान्यात होती तवाच लावून घ्यायले पाह्यजे होतं तिचं बोट," हे म्हणाले.

"काका, आई काय रेशन कार्ड होती काय?" करुणा म्हणाली आणि उठून आत गेली. त्या दिवशी घरात कोणी धड जेवलं नाही.

बसस्टँडजवळच्या मोबाईलवाल्याकडे करुणा मला सोबत घेऊन गेली. मी मागे उभी राहिले. त्याने समजावून सांगितलं.

"हे पाह्य ताई, अ‍ॅप तुमचं बोट पाह्यतच नाही. ते मोबाईलले विचारते, हे बोट मालकिणीचं हाय काय? मोबाईल हो म्हणाला त उघडते, नाही म्हणाला त नाही. अ‍ॅपजवळ सोताचं काहीच नसते."

"मंग मोबाईलले माह्यं बोट शिकवून द्या ना."

"देतो ना. पण नवीन बोट चढवलं का हे अ‍ॅप बिचकते. चोर घुसला समजते. मंग आतलं सारं कायमचं बंद."

"असं कायले बनवते हो लोक?"

"सेफ्टी," तो म्हणाला. करुणाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने लगेच दुसऱ्या गिऱ्हाईकाचा चार्जर हातात घेतला.

आता माझ्या बोटाबद्दल. जन्मभर सोयाबीन सोंगून, तूर तोडून, राखेने भांडी घासून माझ्या बोटांवरच्या रेषाच राहिल्या नाहीत. रेशन दुकानात माझा अंगठा मशीनवर उठत नाही. आधी केसांवर घास म्हणतात, मग तेल लाव म्हणतात, मग लिंबाने धुऊन ये म्हणतात. मागे रांग ओरडत असते. शेवटी यांना शेतातून बोलवावं लागतं. गॅसच्या वेळीही तेच, सिमकार्डच्या वेळीही तेच. म्हणून सुमनबाईंच्या मोबाईलवर सगळ्यांची बोटं लागली, माझं कोणी विचारलं नाही. मीही पुढे झाले नाही. भासऱ्यांसमोर मी पदर घेऊन असते, त्यांच्याशी बोलत नाही, तेही माझ्याशी बोलत नाहीत. आमच्याकडे तशीच रीत आहे.

लग्नाच्या डाळीसाठी आम्ही तूर निवडायला काढली होती. पुरुष माणसं पत्रिका वाटायला किन्हीराजाला गेली होती. करुणाने त्या दिवशीही मोबाईल घेऊन बराच वेळ घातला आणि मग तो तसाच, अ‍ॅप बोट मागत असताना, पोत्यावर ठेवून ती केस धुवायला गेली. मी सुपातली तूर पोत्यात ओतायला उठले. धूळ बसेल म्हणून मोबाईल उचलला. बोटं मागच्या बाजूला गेली असतील.

आणि सुमनबाई खोकल्या.

"हं... झालं काय सुरू? लाल बत्ती त लागली."

सूप माझ्या हातून सुटलं. तूर सगळ्या घरात पसरली. मग त्यांनी गाणं धरलं, त्यांच्या त्या थोड्या जाड आवाजात —

*अंगणवाडीच्या दारात लेक खेळली माझी,*
*खिचडी शिजता शिजता लेक मोठी झाली माझी...*

करुणा ओल्या केसांनी धावत आली. तुरीवरच बसली. गाणं संपलं, मोबाईलची बत्ती गेली आणि अ‍ॅप पुन्हा बंद.

"काकू, काय केलं तुमी?"

"मी काहीच नाही केलं वं. उचलला फक्त."

"कोणतं बोट?"

मला आठवेना. आम्ही एकेक बोट लावून पाहिलं. उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं. ते लावलं की उघडायचं. दुसरं कोणतंच नाही. त्याच बोटाने मोबाईलचं बाहेरचं कुलूप उघडून पाहिलं, तर मोबाईल नाही म्हणाला. पुन्हा लावलं, पुन्हा नाही. अ‍ॅपवर लावलं — उघडलं.

दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात गेलो. या वेळी भासरे आणि हेही सोबत होते, म्हणून मी आणखी मागे. मोबाईलवाल्याने करुणाला सांगून सांगून माझ्याकडून दहादा बोट लावून घेतलं. मोबाईलमध्ये किती बोटं चढवली आहेत ते पाहिलं. एकच होतं, सुमनबाईंचं.

"असं होऊच शकत नाही," तो म्हणाला.

"झालं ना पण," भासरे म्हणाले.

"दादा, मी काय म्हणतो, मोबाईल या बाईले ओळखत नाही. आणि मोबाईल नाही म्हणाला त अ‍ॅपले कळणार कसं?"

"ते तू सांग. दुकान तुहं हाय."

त्याने बिचाऱ्याने अ‍ॅपच्या कंपनीला इंग्रजीत विचारून पाहिलं. उत्तर आलं ते त्याने आम्हाला दुकानात बोलावून वाचून दाखवलं. या मॉडेलच्या सेन्सरला आमचं अ‍ॅप सपोर्ट करत नाही, यावर बोटाने उघडायची सोय दिलेलीच नाही, कृपया पिन वापरा.

"म्हंजे उघडलंच नाही?" यांनी विचारलं.

"त्यांच्या हिशोबानं नाही."

"मंग सुमनवैनीही इतके दिवस बोटानं उघडत नव्हती?"

"नाही."

"मंग आमी गाणं कुठून ऐकलं?"

"ते त्यांनी नाही लिहिलं."

मी पहिल्यांदाच कोणाच्या दुकानात हसले. रागाने हसले, पण हसले.

त्यानंतर घरात बायकांची रांग. दाखव बोट. लाव बोट. सुलोचना म्हणाली, "तिचा जीव होता वं तुह्यावर, म्हणून." मला इतका संताप आला. जीव कसला? नळाच्या पाण्यावरून आठवड्यातून एकदा तरी आमचं वाजायचं. शेवटचं भांडण मोरीच्या पाण्याचं, तेही मिटलं नव्हतं. आणि त्यांना कोणाच्या बोटाने उघडायचंच असतं, तर पोटची पोर होती ना समोर. ती रडून रडून बोटं लावत होती, तेव्हा का नाही उघडलं? मला हे समजत नाही आणि सुलोचनाला समजतं, याचीच चीड येते.

मग मोबाईलवाल्याने एक साधी गोष्ट सुचवली. गाणी एकेक लावायची आणि करुणाच्या मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्यायची. आम्ही दार लावून बसलो. गाणं संपलं की अ‍ॅप मिटायचं, की पुन्हा माझं बोट. मधेच कोंबडी ओरडायची, की पुन्हा पहिल्यापासून. करुणा म्हणायची, "काकू, हालू नका." मी म्हणायचे, "मी कुठी हालली? बांगडी वाजली." असं करत करत सगळी गाणी उतरवली.

लग्नात ते गाणं लागलं. मांडवात मंगल परिणय झाला, जेवणं सुरू व्हायच्या आधी करुणाने स्वतः साउंडवाल्याच्या हातात मोबाईल दिला. सुमनबाई खोकल्या, लाल बत्ती लागली म्हणाल्या, तेव्हा अनसिंगची माणसं हसली. मग गाणं सुरू झालं आणि वाढपीही बादल्या खाली ठेवून उभे राहिले. करुणाने सगळं गाणं मान वर ठेवून ऐकलं. मला वाटलं, झालं. जे करायचं होतं ते झालं, आता हा मोबाईल कपाटात जाईल.

गेला नाही.

करुणा गाणी घेऊन अनसिंगला गेली. जाताना वडिलांच्या मोबाईलमध्येही टाकून गेली. एक बटण दाबलं की वाजतात. तरी भासरे संध्याकाळी सुमनबाईंचा मोबाईल घेऊन येतात, आमच्या ओट्यावर ठेवतात आणि पाठ फिरवून उभे राहतात. बोलत नाहीत. मी हातातलं काम सोडते, पदर सावरते, बोट लावते, ठेवून आत येते. ते घेऊन जातात. भाकरी तव्यावर असली तर करपते. पाव्हणे असले तर पाव्हणे बघत बसतात.

एक दिवस यांनी विचारलंच. "दादा, तेच गाणे तुमच्या मोबाईलात हायेत ना?"

"हायेत."

"मंग?"

भासऱ्यांनी मोबाईल खिशात घातला. "ते करुणानं टाकलेले हायेत," ते म्हणाले. "हे तिनं उघडल्यासारखं वाट्टे."

मी आतून ऐकत होते. तिनं नाही, मी उघडते, असं माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. पण मी उघडते म्हणजे काय, हेही मला सांगता येणार नाही. मोबाईल मला ओळखत नाही. कंपनी म्हणते असं होतच नाही. दुकानदाराने हात टेकले. अजूनपर्यंत मला कोणी धड कारण सांगितलेलं नाही, आणि कारण सांगणारे भेटले ते सुलोचनासारखे.

आता तर मी कारण शोधणंही सोडलं आहे. मला दुसरीच काळजी आहे. जे कसं चालतं ते कळत नाही, ते कधी बंद पडेल तेही कळणार नाही. एखाद्या संध्याकाळी मी बोट लावीन आणि ते उघडणार नाही. भासरे पाठ फिरवून उभे असतील, वाट बघत. आणि मी तर त्यांच्याशी बोलत नाही.