बनुबाईची कोरडी फरशी

बनुबाईच्या अंगणात रोज सकाळी सडा पडतो, पण कारखान्यात गेली बारा वर्षं तिच्या हातून फरशीवर पाण्याचा थेंब पडलेला नाही. घोडेगावच्या अलीकडे हमरस्त्याला लागून तान्ह्या बाळांच्या दूध पावडरीचा कारखाना आहे. तिथल्या डबे भरायच्या खोलीची सफाई तिच्याकडे. सांडलेली पावडर व्हॅक्यूमनं ओढायची, कोरड्या फडक्यानं पुसायचं, आणि आत जाताना दारातल्या बाकावर बसून चपला अलीकडे सोडायच्या, पांढरे बूट पलीकडे घालायचे. बायका हसायच्या, "बनुबाई पान्याचा इटाळ धरती."

हसू देत. प्रयोगशाळेतल्या प्रार्थनानं तिला एकदा समजावलं होतं. दुधाच्या पावडरीत शिरणारा एक जंतू असतो, तो कोरड्यातही मरत नाही, महिनोन् महिने पडून राहतो आणि ओल मिळाली की वाढतो. मोठ्या माणसांना तो सहसा काही करत नाही, पण दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाच्या मेंदूला सूज आणतो. बनुबाई चौथी नापास, तिला एवढं पुरलं.

कारखान्याचे चेअरमन शिकलेले होते, त्यामुळे त्यांना समजावणं अवघड. बाजारात गाय घेताना तिचे दात ते तीनदा बघायचे, पण जे डोळ्यांना दिसत नाही ते नसतंच, अशी त्यांची पक्की समजूत. गेल्या खंडेनवमीला वीस माणसं, फोटोग्राफर आणि नारळ घेऊन ते थेट डबे भरायच्या खोलीकडे निघाले. बनुबाई दारात आडवी आली.

"साहेब, नारळ भाईर फोडा. आत ओल चालत न्हाई."

"मशीनची पूजा मशीनपाशी नको का? देवाच्या पाण्यानं कुठं जंतू होतात, बाई?"

पूजेला पायात काही घालायचं नसतं, म्हणून बाहेर आवारात चपला काढून, मातीनं भरलेल्या पायांनी सगळे बाक ओलांडून आत गेले. भक्तीला बूट कुठले? नारळ मशीनच्या पायाशी फुटला आणि पाणी फरशीच्या फटीत शिरलं. बनुबाईनं टिपता येईल तेवढं टिपलं, पण फटीत बोट जाईना. मशीन बंद ठेवा म्हणून प्रार्थनानं सांगून पाहिलं. मुहूर्ताचा माल थांबतो होय? दुपारपासून डबे भरू लागले.

आठ दिवसांनी त्याच फटीत जंतू सापडला. चेअरमननी तातडीनं कारवाई केली, म्हणजे बनुबाईला मेमो दिला. फरशी कोरडी ठेवण्यात कसूर.

मेमोवर सही करायला तिला केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा तिथं प्रार्थना त्या दिवशी भरलेल्या मालाचं, म्हणजे त्या लॉटचं कार्ड घेऊन उभी होती. चार कारकूनही होते.

"जंतू फटीत सापडला, डब्यात नाही," चेअरमन म्हणाले. "फरशी काय पोरं चाटणार आहेत? माल सोडा."

"तपासतो ते डबे मोजकेच, साहेब. उरलेल्यात नसेलच असं सांगता येत नाही."

"सोडा म्हटलं ना."

बनुबाईला राग आला होता, पण तिनं पेन उचललं आणि सावकाश सही केली. मग म्हणाली, "साहेब, तुमची नात राजनंदिनी आठव्या म्हैन्यात बाळंत झाली म्हनून तुमी आमाला पेढे वाटले. ह्या लॉटचा पैला डबा त्या बाळाला न्या. मंग माल सोडा."

"छे, त्याला डॉक्टरांनी परदेशातला डबा लिहून दिलाय," चेअरमन बोलून गेले.

एक कारकून उगाच पंख्याकडे बघू लागला.

"मंग ह्यो माल कुनाच्या पोरांसाठी हाय, साहेब?"

चेअरमननी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. प्रार्थनानं सगळ्यांसमोर कार्डावर लाल पेनानं 'रोखला' असं लिहिलं. तिला थांबवायला चेअरमनचा हात काही उठला नाही.

या वर्षी नारळ फाटकाबाहेर फुटला. विज्ञाननिष्ठ चेअरमन म्हणून पेपरात फोटो आला. बनुबाईनं खोबऱ्याचा तुकडा बाहेरच खाल्ला, हात धुतले, कोरडे केले आणि बाकावर बसून पांढरे बूट चढवले. कोरडेपणात कसूर केल्याचा मेमो तिच्या फायलीत अजून आहे.