माफीचं वाक्य

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये नवं नाटक बसायला घेतलं, की नटमंडळी आपल्याला कोणती भूमिका मिळाली ते नंतर विचारत. आधी विचारत, "कुजबुज काकू येणार आहेत ना?" विंगेत स्टुलावर बसून विसरलेलं वाक्य पुरवायचं, हे काकूंचं काम. पहिल्या रांगेतल्या माणसाला चाहूल लागायची नाही आणि स्टेजच्या पार पलीकडच्या नटाला मात्र कानाशी येऊन सांगितल्यासारखं कळायचं. मूळ नाव कधीच मागे पडलं. कुजबुज हेच नाव झालं.

पोटापाण्यासाठी काकू धुलाईच्या कारखान्यात होत्या. तिथे हॉस्पिटलच्या चादरी येत. रक्ताच्या, पुवाच्या, आणखी कशाकशाच्या. नव्या आलेल्या बायका नाकाला पदर लावत, पहिल्याच दिवशी बाहेर जाऊन ओकत. काकू नाकातोंडाला काही न लावता गठ्ठे सोडत. "घाण म्हणजे काय गं," त्या म्हणत, "पाणी लागलं की जाते. न जाणारी असते ती वेगळी." अशा या बाईला आयुष्यात एकदाच खरी शिसारी आली, आणि ती आली एका स्वच्छ टॉवेलाची.

त्याचं असं झालं. दर वर्षी हॉलमध्ये ठरलेली नाटकं होत. चोर-पोलिसांचं, हरवलेल्या जुळ्यांचं, राजा-प्रधानाचं. पडद्याला बुरशीचा वास, एकच लिपस्टिक चौघींच्या ओठांवरून फिरलेली, टोपातल्या घामाने डोकं खाजवणारा राजा; पण लोक पोट धरून हसून घरी जात. त्या वर्षी फादरना वाटलं, काहीतरी नवं करावं. त्यांनी शहरातून एक दिग्दर्शिका बोलावली. बाई सुती साड्या नेसायच्या, खुर्च्या गोलाकार मांडायच्या आणि सगळ्यांना डोळे मिटून श्वास घ्यायला लावायच्या. "वस्तीचं नाटक वस्तीच्याच तोंडून यायला हवं," असं त्यांचं म्हणणं. सगळे डोळे मिटून बसले की काकू उठून चहाचं आधण ठेवायला जात.

पण बाईंना माणूस बोलता करायची कला होती, हे मान्य करायला हवं. एका संध्याकाळी काकू कपड्यांच्या पेटीपाशी घड्या घालत असताना बाई शेजारी येऊन बसल्या, स्वतः दोन झगे घडी केले आणि सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं, काकू?" नवरा जाऊन तीन-चार वर्षं झाली होती, आणि इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. काकूंचा बांध फुटला.

नवरा फर्निचरला पॉलिश करायचा. हात सोन्यासारखे, तोंड गटारासारखं. पुढे अर्धांगवायू झाला आणि तो खाटेला खिळला. अर्धं अंग गेलं, तोंड काही गेलं नाही. काकू कामावरून येऊन त्याला पुसून काढत, कूस बदलत, पाठीच्या जखमा धूत. तो तोंडात थुंकी साठवून ठेवायचा. काकू वाकल्या, चेहरा जवळ आला, की सोडायचा. अर्ध्याच तोंडाने थुंकायचा म्हणून नेम चुकायचा, कधी लागायचा. शेवटच्या दिवसापर्यंत हेच. "आणि तुम्ही?" बाईंनी विचारलं. "मी काय? तोंड पुसायचं आणि पुढची कूस." "माफ केलंत त्यांना?" काकूंनी घडी झटकली. "छे! कशापायी?"

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला होता. डोळ्यांत पाणी होतं.

नाटकाची प्रत हातात आली तेव्हा काकूंनी शेवटून दुसरा प्रवेश वाचला आणि परत वाचला. एक बायको आजारी नवऱ्याचं अंग पुसते आहे. नवरा तिचा हात धरून रडतो. ती म्हणते, "मी तुला केव्हाच माफ केलंय." मागे व्हायोलिन. थुंकीचा कुठे पत्ता नव्हता.

"बाई, असं झालं नव्हतं," काकू म्हणाल्या.

"मला माहीत आहे, काकू. पण घडलेलं वेगळं आणि सत्य वेगळं असतं."

काकूंना हे काही कळलं नाही, पण फादर मध्ये पडले. "एवढं मनावर घेऊ नका. कुणाची गोष्ट आहे, कुणाला कळणार आहे?" बरं म्हणून काकू स्टुलावर जाऊन बसल्या.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी झाला. बायकोचं काम पोस्टात काउंटरवर बसणाऱ्या मुलीकडे होतं. गुणी पोर, आवाजही छान. तिने पांढराशुभ्र टॉवेल नवऱ्याच्या कपाळावरून असा हळुवार फिरवला, की जणू बाळाची पावडर पुसते आहे. टॉवेलाला इस्त्रीची घडी होती. काकूंनी नाकाला पदर लावला. नवऱ्याच्या आजारपणातल्या खोलीचा वास त्यांच्या नाकात भरला, आणि समोर तो टॉवेल कोराच्या कोरा. हॉलमध्ये मात्र नाकं ओढल्याचे आवाज येत होते. शेवटी बाई स्टेजवर आल्या आणि विंगेकडे हात करून म्हणाल्या, "ही आपल्या कुजबुज काकूंची गोष्ट आहे!"

झालं. चहाच्या टेबलापाशी त्यांना माणसांनी गराडा घातला. केक खाल्लेल्या चिकट हातांनी कुणी गाल धरले, कुणी खांदा दाबला. "धन्य तुमची!" "माझ्याच्याने नसतं झालं हो!" एकीने तोंडातला घास न गिळताच मिठी मारली, चुरा काकूंच्या खांद्यावर सांडला. काकूंनी तो झटकला नाही, झटकायला हात वर होईना.

सगळ्यात मागे त्यांची थोरली नणंद उभी होती. गल्लीच्या टोकालाच राहायची. डोळे लाल. "माझा भाऊ," ती म्हणाली, "आतून अगदी असाच होता गं."

त्या रात्री काकूंनी तोंड साबणाने धुतलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा धुतलं.

पुढच्या रविवारी दुसरा प्रयोग. हॉल खच्चून भरलेला, शेजारच्या वस्तीतूनही माणसं आलेली. तोच प्रवेश आला, आणि पोस्टातली मुलगी नेमकी त्या वाक्यावर अडली. टॉवेल कपाळावर थांबला. तिने विंगेकडे पाहिलं. इतक्या वर्षांत काकूंकडे असं किती डोळ्यांनी पाहिलं असेल, आणि काकूंनी कधी कुणाला उघडं पडू दिलं नव्हतं. वाक्य त्यांच्या जिभेवर होतं. मी तुला केव्हाच माफ केलंय. जीभच वळेना. खाटेवरच्या नटाने एक डोळा उघडून पाहिलं. व्हायोलिनवाल्याने तीच ओळ परत वाजवली.

मग काकूंच्या तोंडून त्यांच्या त्या नेमक्या, बारीक आवाजात गेलं, "थुंकत होतास तू माझ्या तोंडावर."

मुलीला विंगेतून येईल ते बोलायची सवय. ती बोलून गेली.

"रोज वाट बघायचास, मी कधी वाकते त्याची."

तेही बोलली. आता तिचा आवाज बदलला होता.

"मी नाही केलं माफ. मेलास, खोली धुतली, झोपले."

व्हायोलिन थांबलं. नाक ओढायचा आवाजही नाही. मागून कुणीतरी खुर्ची सरकवून बाहेर पडलं. पडदा ओढला तेव्हा टाळ्या आल्या, पण चुकून हात लागल्यासारख्या, तुटक.

काकूंना वाटलं, आता बाई आपल्याला फाडून खाणार. खावं, मोकळं तरी होईल. पण बाई धावत विंगेत आल्या आणि त्यांनी काकूंना कवटाळलं. "काकू! काय दिलंत तुम्ही! अंगावर काटा आला माझ्या. हेच ठेवूया आता. थुंकीसुद्धा दाखवू. साबणाचं पाणी वापरता येईल."

काकू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. इथे तर सगळंच खपत होतं. माफी खपली, आता थुंकी खपणार. त्यांनी बाईंचे हात आपल्या अंगावरून एकेक करून काढले, जसे ओल्या चादरीला चिकटलेले कागद काढतात. "माझ्या नवऱ्याची थुंकी माझी आहे, बाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुमची शोधा." आणि मागच्या दाराने निघून गेल्या.

दोन दिवसांनी नणंद घरी आली. बसली नाही.

"भावाला माझ्या चव्हाट्यावर आणलंस."

"खोटं बोलले का मी, वन्सं?"

"खोटं कशाला बोलशील! मला काय तो माहीत नव्हता? लहानाचा मोठा मी केला त्याला. माझ्यावर ताटं फेकायचा." तिने दाराची चौकट धरली. "पण एक दुपार बरा भाऊ मिळाला होता मला. तेवढाही तुला बघवला नाही."

काकूंना प्रेक्षकांच्या रडण्याची किळस आली होती, बाईंच्या मिठीची आली होती. हिची येईना. हीच मोठी पंचाईत.

दुसऱ्या दिवशी त्या फादरकडे गेल्या आणि म्हणाल्या, माझा प्रवेश काढून टाका. गोडही नको, कडूही नको. फादरनी हातातली जपमाळ बाजूला ठेवली. मग म्हणाले, "चूक माझी आहे. बाईंना तुमच्याकडे बोट दाखवू द्यायला नको होतं." प्रवेश निघाला. बाई नाराज झाल्या, उरलेले प्रयोग करून दुसऱ्या वस्तीतल्या चर्चकडे गेल्या. तिथे कुणा आंधळ्या म्हाताऱ्याला बोलता केला म्हणतात.

काकू वर्षभर हॉलकडे फिरकल्या नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा राजा-प्रधानाचं नाटक ठरलं, तेव्हा पोस्टातली मुलगी घरी आली. "काकू, मी राणी आहे. आणि माझं काही पाठ होत नाही." काकूंनी विचारलं, "कुणी खरं आहे का त्यात?" "कुणी नाही. राजासुद्धा सुतार आहे." मग त्या गेल्या. प्रयोगाला नणंद आली होती. राजाचा टोप पडला तेव्हा तीही हसली. पण चहाला काकूंच्या बाजूला मात्र आली नाही.

घरी जायची वाट एकच, म्हणून दोघी थोड्या अंतराने चालत होत्या. गल्ली वळते तिथे नणंद थांबली.

"एवढ्या दिवसांत एकदाही चांगलं बोलला नाही का गं तुझ्याशी?"

एक गोड वाक्य पुरवणं काकूंना काय जड होतं? पण त्या आठवत राहिल्या.

"एकदा म्हणाला होता, तुझे हात गार आहेत."

"चांगलं म्हणून की वाईट म्हणून?"

"कोण जाणे, वन्सं. शिवी नव्हती त्यात, एवढंच."

नणंदेने मान हलवली, आणि उरलेली गल्ली दोघी बरोबरीने चालल्या.