आक्काच्या हातचं

सलाईनच्या नळीचा मासा बघून ज्यांना गहिवरून येतं, त्यांनी तो एकदा करून बघावा. नळी गरम पाण्यात टाकून मऊ करायची, दाढीच्या ब्लेडनं उभी चिरायची, सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापायच्या आणि एकमेकींत ओवत शेपटीपासून तोंडापर्यंत यायचं. एक पट्टी निसटली की अख्खा मासा सुटतो. बोटं चिरतात ती वेगळीच. मी असे अकरा मासे केले होते. त्यातले सात यंदाच्या जानेवारीत मला संगमनेरात भेटले, काचेच्या पेटीत, आणि पुढच्या पाटीवर नाव दुसरीचंच.

आक्काच्या सुनेनं हळदीकुंकू ठेवलं होतं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. सून पोरगी चांगली आहे. हे आधीच सांगते, नाहीतर माझा राग तिच्यावर आहे असं वाटायचं. हल्ली हळदीकुंकवालाही विषय ठरवतात म्हणे. तिचा विषय होता ‘आठवणीतला जमाना’. हॉलमध्ये टेबलं मांडून त्यांवर टेपरेकॉर्डर, कॅसेटी, पंपाचा स्टोव्ह, डायल फिरवायचा फोन, शाईची दौत असं सगळं ठेवलेलं. वाण म्हणून लिमलेटच्या गोळ्यांची पुडी. बायका एकेका वस्तूला हात लावत होत्या, फोटो काढत होत्या. स्टोव्हला ‘अय्या, किती गोड’ म्हणणाऱ्या बाईनं तो आयुष्यात कधी पिन मारून पेटवला नसणार, एवढं मी पैजेवर सांगते.

मधल्या मोठ्या टेबलावर आक्काचं रुखवत होतं. इंजेक्शनच्या बाटल्यांचं झुंबर. मण्यांचा पोपट. मेणबत्तीवर फुटक्या बांगड्या वाकवून केलेली साखळी. मॅटीच्या कापडावर भरलेली हरणांची जोडी. प्लॅस्टिकच्या वायरची लाल-पांढरी पिशवी. आणि मासे. पुढं छापील पाटी: ‘आमच्या आईंनी स्वतःच्या हातांनी केलेलं रुखवत’. शेजारच्या खुर्चीवर काठापदराची साडी नेसून आक्का बसली होती आणि येणारी प्रत्येक बाई तिला म्हणत होती, ‘काकू, काय हात आहे हो तुमचा!’ आक्का हसत होती. नाही म्हणत नव्हती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रुखवत म्हणजे नवरीनं स्वतः केलेल्या वस्तूंची लग्नात मांडलेली आरास, असं म्हणायची पद्धत आहे. आमच्याकडं श्रीगोंद्याच्या बाजूला त्या वर्षांत या आराशीचं वेडच शिरलं होतं. मांडवात आलेल्या बायका नवरीकडं नंतर बघायच्या, आधी रुखवताकडं. कुणाच्या लग्नात लोकरीचा कोंबडा मांडला होता, कुणाकडं थर्माकोलचं देऊळ होतं, याच्या गोष्टी दोन-दोन वर्षं चालायच्या. त्यात आक्काचं लग्न ठरलं ते संगमनेरच्या बऱ्यापैकी घरात. आईनं धसकाच घेतला. ‘रुकवतावरनं पोरीची किंमत करत्यात ती लोकं,’ ती म्हणायची.

आणि आक्काला हातातलं काहीच येत नव्हतं. सुईत दोरा ओवायचा तरी ती मला हाक मारायची. यात तिचा दोष नाही. तिला स्वयंपाक यायचा, गाईची धार काढायला यायची. मला भरतकाम यायचं, विणकाम यायचं, एकदा बघितलं की वस्तू जमायची. मग ठरवायचं काय राहिलं? दिवाळीच्या सुट्टीत आईनं काष्टीच्या बाजारातून मणी, वायर, मॅटी, लोकर आणून माझ्यापुढं ओतली. मी दहावीला होते.

नळ्या आणि बाटल्या मी आणायचे सरकारी दवाखान्यातून. तिथल्या नर्सबाई रिकाम्या बाटल्या आणि नळ्या उकळून माझ्यासाठी पिशवीत बांधून ठेवायच्या. त्यांनी मला एकदा समोर बसवून सांगितलं होतं, ‘तुझा हात हलका आहे. दहावी पास हो, नर्सिंगच्या फॉर्मचं मी बघते.’ घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, ‘व्हय व्हय, आदी ती महिरप पुरी कर.’

लग्न परीक्षेच्या आठ दिवस आधी धरलं होतं. तारीख मुलाकडच्यांनी ठरवली, असं मला सांगितलं होतं आणि मी ते पस्तीस वर्षं खरं धरून चालले. दिवाळी ते लग्न या काळात मी गणिताचं पुस्तक किती वेळा उघडलं, ते बोटांवर मोजता येईल. पूर्वपरीक्षेच्या दिवशी झुंबराची तार तुटली म्हणून आईनं मला घरी ठेवून घेतलं. वस्तूंपुढं ठेवायच्या चिठ्ठ्याही मीच लिहिल्या, कारण अक्षर माझं बरं. माशापुढची चिठ्ठी अजून तोंडपाठ आहे: ‘पाण्यावाचून जगतो मी, राहतो सुखात, आक्काच्या हाताची जादू माझ्या अंगात.’ यमक जुळवायला मला अर्धा तास लागला होता. तेवढ्यात एक प्रमेय पाठ झालं असतं.

लग्नात रुखवताचं नाव झालं. मुलाकडच्या बायका म्हणाल्या, पोरगी गुणाची आहे. मी वाढायला होते. कुणाच्या म्हशी अन् कुणाला उठाबशी, म्हणतात ते हे.

गणितात नऊ मार्कांनी गेले. ऑक्टोबरला पुन्हा बसते असं मी म्हणाले, तर फॉर्म कुणी भरला नाही. ‘नापास पोरीला घरात ठिवून काय करायचं’ असं सुरू झालं आणि पुढच्या वर्षी माझंही लग्न उरकलं. तेव्हा तर कहरच झाला. माझ्यासाठी रुखवत करायला वेळ कुणाला होता? मी लिंबं तोडायला जात होते. मग आईनं आक्काचंच रुखवत एका दिवसासाठी मागवून घेतलं. ट्रंकेतून आलं, माझ्या मांडवात मांडलं गेलं, आणि माझ्या सासरच्या बायकांना आईनं मोठ्यांदा सांगितलं, ‘थोरलीनं दिलंय बगा हौसंनं, धाकट्या भैनीसाठी.’ मी मुंडावळ्या बांधून बसले होते. नवरीनं तोंड उघडायचं नसतं. दुसऱ्या दिवशी ट्रंक परत संगमनेरला गेली.

नर्सबाईंची पुढं बदली झाली. मी अंगणवाडीत मदतनीस झाले. सेविका व्हायला दहावी लागते. इतकी वर्षं मी खिचडी शिजवते, पोरांची नाकं पुसते, आणि माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान सेविका मला ‘मावशी, जरा हजेरी लिहून देता का, तुमचं अक्षर छान आहे’ म्हणते. लिहून देते. त्या पोरीवर मी कधी चिडले नाही.

चिडले ते त्या दिवशी, संगमनेरात.

सुनेनं मेडिकलमधून कोऱ्या नळ्या आणल्या होत्या. कात्री, ब्लेड, गरम पाण्याचं भांडं, सगळी तयारी. टाळ्या वाजवून म्हणाली, ‘आता आई आपल्याला मासा करून दाखवणार!’ बायका खुर्च्या ओढून जवळ आल्या. दोघीतिघींनी मोबाईल वर धरले. आक्कानं नळी उचलली, इकडून बघितली, तिकडून बघितली, आणि खाली ठेवली.

‘आता डोळ्याला दिसत न्हाई गं पहिल्यावानी,’ ती म्हणाली.

‘दिसत न्हाई म्हनू नको,’ मी मागून म्हणाले. ‘येत न्हाई म्हन. तुला कदीच येत नव्हतं.’

बायका हसल्या. त्यांना वाटलं, बहिणी बहिणी चेष्टा करतायत. मी पुढं झाले, ब्लेड घेतलं, नळी चिरली आणि चार पट्ट्या ओवून दाखवल्या. इतक्या वर्षांनी बोटांना आठवत होतं, याचाही मला संताप आला. सून डोळे मोठे करून बघत राहिली.

‘म्हणजे हे सगळं मावशींनी केलंय? बहिणीसाठी? किती गोड!’

‘गोड काय त्यात?’ माझा आवाज चढला होता. ‘माझी दहावी गेली ह्यात. हे झुंबर बगते ना तू? ते माझं गनित हाय. हे हरन माझा नर्सिंगचा फारम हाय. पाटी लावायची तर तशी लाव.’

मोबाईल खाली आले. कुणीतरी तिळाच्या वडीचा विषय काढला. आणि मग आक्का बोलली. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

‘मी तिला कदी म्हनले न्हाई कर म्हनून. तिलाच लई हौस हुती.’

आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलेली बाई मलाच हौस होती म्हणते! पण ते खोटं नव्हतं. हौस होती. पुस्तक बाजूला सारून पट्ट्या ओवायला मी स्वतः बसायचे. पहिला मासा जमला तेव्हा मी तो घेऊन गल्लीभर हिंडले होते. पंधरा वर्षांच्या पोरीला दोन गोष्टी पुढं ठेवल्या, एक प्रमेय आणि एक मण्यांचा पोपट, तर ती पोपटच घेणार. पण घरात मोठी माणसं होती की नाही? मी रोज अंगणवाडीत बघते, पोर माती खायला लागलं की आपण त्याचा हात धरतो. त्याला हौस आहे म्हणून खाऊ देत नाही. माझा हात कुणी धरला नाही, उलट मणी संपले की नवे आणून दिले. या गोष्टीचा राग मला मरेपर्यंत राहणार आहे आणि तो गेला पाहिजे असंही मला वाटत नाही.

बायका लवकरच पांगल्या. सून पाटी काढून घेऊन आत गेली. मी पिशवी उचलून निघणार, तर आक्कानं स्वयंपाकघरातून हाक मारली. चहा ठेवला होता. गुडघे दुखतात म्हणून ती ओट्याला टेकून उभी होती.

‘बस,’ ती म्हणाली. ‘एक सांगायचंय. आई हुती तोवर सांगायचं नव्हतं.’

मी बसले नाही.

‘तारीख त्यांनी न्हवती धरली. दोन तारखा निगाल्या हुत्या. एक तुजी परीक्षा सुरू व्हायच्या आदीची, एक वैशाखातली. आईनं मला इचारलं, कुटली धरायची. मी म्हनले, आदीची धर.’

चहा उतू चालला होता. तिनं गॅस बारीक केला.

‘मला त्याच्या आदी दोन ठिकानचे बगून गेल्ते. दोनीकडनं नकार. वाटलं, दोन महिने थांबलं अन् ह्यांनी दुसरी बगितली तर? मला नीज लागत नव्हती. म्हनून म्हनले.’

मला तिची भीती कळली. वीस वर्षांच्या पोरीची ती भीती मला कळणार नाही तर कुणाला कळणार? तरी मी विचारलंच.

‘अन् मला? मला का न्हाई इचारलं?’

आक्कानं माझ्याकडं बघितलं.

‘तुला इचारायचं,’ ती म्हणाली, ‘कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई गं.’

मी पिशवी खाली ठेवली. दरवाजातून सून बघत होती, बघू दे म्हटलं.

‘मग आता इचार,’ मी म्हणाले.

‘काय?’

‘तेच. आईनं तुला इचारलं तसं. इचार मला.’

तिला वाटलं, मी तिची थट्टा करतेय. माझं तोंड बघून तिला कळलं की तसं नाही. तिनं पदरानं हात पुसले. ओटा सोडून सरळ उभी राहिली, गुडघ्यांना त्रास होत असून.

‘दोन तारखा निगाल्यात,’ ती म्हणाली. ‘कुटली धरायची?’

‘वैशाखातली धर,’ मी म्हणाले. ‘माजी परीक्षा हाय.’