कुठल्याच गटात नसलेली मुलगी

माझ्या दोन्ही नातवंडांना,

गेल्या रविवारी धाकटा फोनवर रडवेला होऊन सांगत होता की शाळेत त्याला सोप्या वाचनाच्या गटात घातलंय. मोठी मागून म्हणाली, "मग आहेसच तू तसा." मी तेव्हा विषय बदलला. पण मुलांचे गट पाडणारं माणूस काय करत असतं ते मला ठाऊक आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षी ते काम मीच केलं आणि त्यात चुकले. तुमच्या बाबालाही हे सांगितलेलं नाही. धाकट्याचा राग ताजा आहे, तोवर लिहून टाकते.

शाळा बंद होत्या ते वर्ष. मी दारव्ह्यात दहावीला इंग्रजी शिकवत होते. गृहपाठ फोनवरून पाठवायचा आणि तो कोणाला जाणार त्या नावांपुढे एकदा खुणा करून ठेवायच्या, अशी सोय होती. मी वर्गाचे तीन गट केले. पहिल्यात दिवसभर घरी फोन असणारी मुलं, दुसऱ्यात वडील परतल्यावर फोन मिळणारी, तिसऱ्यात शेजाऱ्याच्या फोनवर आठवड्यातून एकदा दिसणारी. पहिल्या गटाला उतारा वाचून पानभर लिहायचं, दुसऱ्याला दहा ओळी, तिसऱ्याला पाच छोटे प्रश्न. गट फोनवरून पाडलेत, हुशारीवरून नाही, असं मी सगळ्यांना बजावत असे. पण अवघड काम ज्याला मिळायचं तो पुढे जायचा आणि सोपं मिळणारा तिथेच राहायचा. हे मुलांना माझ्याआधी कळलं.

तिसऱ्या गटात जवळच्या तांड्यावरची एक मुलगी होती. एका शब्दाचं उत्तर मागितलं तरी ती तीन वाक्यं लिहायची. तिचा काका प्रवासी जीप चालवायचा. त्याने मोठा फोन घेतला आणि अर्धा दिवस तिला द्यायला लागला, तेव्हा मी तिला पहिल्या गटात घ्यायचं ठरवलं. माझी एक वही होती, पट्टीने रेघा मारलेली. तिच्यात लाल शाईने लिहिलं, 'पहिला गट'. मग फोन उघडून तिसऱ्या गटातली तिची खूण काढली. पहिल्या गटात खूण करणार, तेवढ्यात मुख्याध्यापकांचा फोन आला. बोलणं संपल्यावर मी वही पाहिली. वहीत काम झालेलं दिसत होतं, म्हणून फोन ठेवून दिला.

त्यानंतर मी पहिल्या गटाला चार गृहपाठ पाठवले. दर वेळी आधीच्याच खुणा पुढे येत. तिच्याकडून एकही उत्तर आलं नाही. मला राग आला. सगळा वर्ग होता त्या फोनवरच्या सामाइक गटावर मी नाव न घेता लिहिलं, 'काहींना हातात फोन मिळाला की अभ्यास सुटतो.' ते तिनेही वाचलं असणार.

त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही. शाळेने दिलेल्या गुणांवर निकाल लागणार होता. दारव्ह्याच्या मुलींच्या वसतिगृहात गुणांवर प्रवेश मिळे, आणि तिच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं की तिथे जागा मिळाली तर अकरावी, नाहीतर शिक्षण बंद. गुण शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत भरायचे होते.

शुक्रवारी सकाळी मी तिच्या रकान्यात शून्य लिहायला घेतलं. शून्य लिहिण्याआधी मूळ नोंद तपासायची ही माझी जुनी सवय. वहीत पहिल्या गटात एकोणीस नावं होती, फोनवर अठरा. मी तीनदा मोजली. ती मुलगी फोनवरच्या कुठल्याच गटात नव्हती.

मी मुख्याध्यापकांना फोन करून चूक सांगितली. ते म्हणाले, "मॅडम, सरासरी गुण टाका न. कोन पाहून राह्यलं?"

"मी पाहतेय ना, सर."

"रिटायर व्हाची वेळ आली तुमची. आता कायले बोभाटा करता?"

खरं सांगते, मला तो सल्ला पटला होता. सरासरी टाकली असती तर कोणालाच कळलं नसतं, तिलाही नाही. तासभर मी यादी पुढ्यात घेऊन बसले. पण सामाइक गटावरचं ते वाक्य माझ्याच नावाने तिथे दिसत होतं. शेवटी मी काकाचा नंबर लावला. फोन तिच्या वडिलांनी उचलला. चूक माझी होती, हे मी आधी सांगून टाकलं.

"तीन आठवडे पोरगी पान्याच्या टाकीवर चढून राह्यली," ते म्हणाले. "रेंज येते, अभ्यास येत नाही. मी म्हनलं, मॅडमले आपला तांडा दिसत नसन."

मी म्हणाले, तिलाच फोन द्या. त्यांनी फोन मुलीला दिला.

"तू मला विचारलं का नाहीस?"

"मले वाटलं, तुमीच काढलं. मंग तुमी ते फोनचं लिहिलं, तं पक्कंच झालं."

मी तिची माफी मागितली. म्हणाले, एकच दिवस हाती आहे, तिसऱ्या गटाचे प्रश्न मी आत्ता फोनवर विचारते, तोंडी उत्तरं दे, अर्ध्या तासात होईल.

ती म्हणाली, "मॅडम, वहीत मी कोन्त्या गटात होती?"

"पहिल्या."

"मंग पहिल्याचंच द्या."

"चार उतारे आहेत गं. राहिलं तर गुण जातील."

"जाऊ द्या."

मागून वडील म्हणाले, "द्या म्हन मॅडमले. चुलीचं तुझी याडी पाहून घेईन." याडी म्हणजे आई.

शनिवारी काकाने फोन घरीच ठेवला. पहिला उतारा सकाळी सातला आला, दुसरा दहाला. मग दोनपर्यंत काहीच नाही. मी फोन लावला तर लागेना. जेवणाचं ताट वाढून झाकून ठेवलं, ते तसंच राहिलं. अडीचला तिसरा आला, सोबत निरोप: 'लाईन गेलती.' साडेचारला मुख्याध्यापकांनी विचारलं, "टाकले का गुण?" मी म्हणाले, पाचला टाकते. पाचला आठ मिनिटं असताना चौथा आला, अर्धवट. मी अर्ध्याचेच गुण दिले आणि यादी पाठवली. पाठवल्यावर सामाइक गटावर लिहिलं की ते वाक्य चुकीचं होतं आणि चूक माझी होती.

त्या अर्ध्या उताऱ्याचे गेलेले गुण तिला भोवतात की काय, ही धास्ती मला निकालानंतरही होती. वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव खालून दुसरं होतं. पण होतं.

पुढच्या महिन्यात मी निवृत्त झाले आणि शाळेचे सगळे गट फोनवरून काढून टाकले. पानभरच मागितलं असताना तिने त्या शनिवारी पाठवलेले पानांचे अकरा फोटो मात्र माझ्याकडे अजून आहेत. शेवटच्या पानावरचं वाक्य मधेच तुटलेलं आहे.