बागिनाची दोन सुपं

म्हैसूरजवळ, वरुणा गावाच्या अलीकडे एका खेड्याला लागून तळं आहे आणि तळ्याच्या बांधावर भागीरथीबाईंचं घर. बांधाच्या एका अंगाला खेडं, दुसऱ्या अंगाला नवी वसाहत. तिथली बरीचशी घरं महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेल्यांची. बाईंचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. त्यामुळे घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्हीकडचं भांडण त्यांना शब्दन् शब्द कळायचं. हे सुख नव्हेच.

वसाहतीनं आपलं सांडपाणी खुशाल तळ्यात सोडलं. खेड्यानं चिडून वसाहतीच्या रस्त्यावर दगड रचले. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसऱ्याचा जीव गेला. बाईंच्या घराचा रस्ताही तोच होता. यजमानांच्या छातीत कळ आली, रुग्णवाहिका दगडांपाशी अडली आणि वळसा घालून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

बाईंनी वर्षभर दोन्हीकडच्यांना पोटभर शिव्या दिल्या. मग पदर खोचून उठल्या. हे वैर मिटल्याशिवाय मरायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं. खेड्यात जवरेगौडांचा शब्द चाले, वसाहतीत विभावरीचा. दोघांच्या उंबऱ्यांवर बाईंनी चपला झिजवल्या.

"अय्यो, भांडण तुमचं, तळ्यानं काय केलं सांगा बघू? सुम्ने, उगाच मरतंय ते!" असं दोघांनाही, दोन भाषांत.

आधी कुणी दाद देईना. मग खेड्यानं जलपर्णी उपसायला ट्रॅक्टर दिला, पण वसाहतीतलं कुणी दिसलं की माणसं काम टाकून निघत. वसाहतीनं सांडपाणी शुद्ध करायची टाकी बांधली, पण उद्घाटनाला खेड्यातल्या कुणाला बोलावलं नाही. बाई मध्ये उभ्या राहून याचं त्याला नि त्याचं याला सांगायच्या, त्यातल्या शिव्या गाळून. हळूहळू फावडी एकाच चिखलात उतरली. रस्त्यावरचे दगड निघाले, त्यांचीच तळ्याला पायरी झाली.

आणि यंदा तळं काठोकाठ भरलं.

तळं भरलं की त्याला बागिन वाहायचं, ही इकडची रीत. बांगड्या, हळदकुंकू, धान्य, नारळ सुपात ठेवायचे, वर दुसरं सूप झाकायचं नि पाण्यात सोडायचं. बाईंनी एक सूप खेड्यातून मागून आणलं, एक वसाहतीतून. दोन्हींना स्वतः हळद लावली. दोन्हीकडच्या बायकांच्या मध्ये उभं राहून आपण ते सोडायचं, एवढीच त्यांची हौस होती.

आदल्या संध्याकाळी जवरेगौडा आणि विभावरी त्यांच्या दारात आले. बरोबर आले. बाईंना गहिवरून आलं, त्या ताक आणायला वळल्या.

"अक्का, बसा," जवरेगौडा कन्नडमध्ये म्हणाले. "बागिनाला तुम्ही हात नका लावू. गावाचं शुभकार्य आहे."

बाईंनी विभावरीकडे पाहिलं. ती शिकलेली, काहीतरी बोलेल.

"काकू, माझं काही नाही हो. पण आमच्याकडच्या बायकाही म्हणतात, मुत्तैदेच हवी. सवाष्ण." इतक्या वर्षांत जिला कन्नडमध्ये धड पाणी मागता आलं नव्हतं, तिला 'मुत्तैदे' हा शब्द मात्र चोख आला होता. म्हणजे दोन्हीकडची बैठक बाईंना वगळून झाली होती, आणि मध्ये सांगणाऱ्या माणसाची कुणाला गरज पडली नव्हती.

बाई ताक विसरून दोघांच्या समोर आल्या.

"मी सवाष्णच होते," त्या म्हणाल्या, आधी कन्नडमध्ये, मग मराठीत. "माझं कुंकू कुठल्या दगडांपाशी अडलं, ते दोघांना ठाऊक आहे ना, अल्लवा?"

पण 'तुम्हीच या' असं कुणी म्हणालं नाही.

बाईंनी आतून सुपं आणली, एक याच्या हातात दिलं, एक तिच्या. दोघं आपसांत हळू बोलत एकाच वाटेनं उतरून गेले. हेच पाहायला बाई इतकी वर्षं झिजल्या होत्या. त्यांनी दार लावून घेतलं.